दुर्गाबाईच्या वाती

वामनरावांनी बांधलेलं इंजिन परत येत नाही, असं अकोल्यात म्हणायचे. म्हणणाऱ्यांत स्वतः वामनराव सगळ्यांत पुढे असत ही गोष्ट वेगळी, पण ते खोटं नव्हतं. त्यामुळे मूर्तिजापूरच्या महादेवरावांची जुनी डिझेल जीप, इंजिनाचं काम होऊन महिना होतो न होतो तोच, पुन्हा त्यांच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा वामनरावांना वाटलं, माणूस बाजाराला आला असेल, जाता जाता चहाला थांबला.

"वामनराव, काटा पडून रायला," महादेवराव उतरता उतरता म्हणाले.

"कोणता काटा?"

"तेलाचा. सकाळी चालू केली का झकास वर रायते. बोरगाव येईस्तोवर खाली बसते. म्या म्हटलं, जाम व्हायच्या आंधी दाखवून टाकू."

वामनरावांच्या कपाळावर आठी पडली. इंजिनात तेल दाबानं फिरत असतं म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. दाब गेला की आतल्या आत घासाघीस सुरू होते आणि एक दिवस भर रस्त्यात इंजिन पकडून बसतं. मग ज्यानं ते बांधलं त्याचं नाव तालुकाभर होतं, आणि ते चांगलं नसतं.

"काट्यातच खोट असंन," ते म्हणाले. कुठलाही मिस्त्री आधी हेच म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरंही निघतं.

या वेळी निघालं नाही. त्यांनी इंजिनाला सरळ तांब्याची नळी लावून स्वतःचा खात्रीचा काटा जोडला. तोही पडला. दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलली. जाड तेल भरून पाहिलं. रोज सकाळी गाडी हायवेला काढायची, काटा बसला की शिव्या देत परत आणायची, आणि बंद करून जी पाठ फिरवायची ती दुसऱ्या दिवसापर्यंत. बाहेरून करण्यासारखं सगळं करून झालं. एकच गोष्ट त्यांनी केली नाही, ती म्हणजे तेल साठतं ते खालचं ऑइल चेंबर खोललं नाही. दुसऱ्या कुणाचं इंजिन असतं तर पहिल्याच दिवशी खोललं असतं. पण स्वतःच्या हातानं बांधलेलं इंजिन स्वतःच्याच दारात, शेजारच्या टायरवाल्याच्या आणि वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यांदेखत खोलायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. मग संशय घ्यायला उरलं काय? क्रँक. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा मुख्य दांडा, आणि ती घासून दिली होती अमरावतीच्या खुशालरावांनी.

खुशालराव म्हणजे जन्माचे दोस्त. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. एक मशीनवर राहिला, एक इंजिनावर. वामनरावांनी उघडलेल्या प्रत्येक इंजिनाची क्रँक खुशालरावांच्या मशीनवर जाऊन यायची. तरीही फोनवर वामनराव नको ते बोलून बसले.

"खुशाल, तुह्या मशीनचं वय झालं, अन् तुहं बी झालं. क्रँक जास्त घासली तू. बेअरिंग ढिली बसून रायली. गरम झालं का तेल पातळ होते अन् पळून जाते."

"माप घेऊन देल्ली होती गा. तू बी पाह्यली."

"म्या तुह्या भरवशावर पाह्यली! तुले दिसत नसंन तं मशीन इकून टाक."

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग खुशालराव म्हणाले, "घेऊन ये गाडी. माह्या दारात खोल. माही चूक निघाली तं मीच सांगतो साऱ्याईले."

असं मऊ उत्तर आलं की वामनरावांना जास्तच राग यायचा.

आता दुर्गाबाईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच जाऊन थांबतं. वामनरावांचं घर गॅरेजच्या मागेच, मधे एक दार. दुर्गाबाई म्हणजे त्यांची बायको. मागच्या वर्षी पोळा झाला आणि ती गेली. ताप आला काय, दवाखान्यात नेली काय, आणि माणूस संपलं काय. वामनरावांना अजून त्याचा मेळ लागत नव्हता.

दुर्गाबाईला वाती वळायचा नाद होता. हिवरखेडच्या भावाच्या शेतातला कापूस, स्वतःच्या हातानं सरकी काढलेला, आणि तळहातावर असा पीळ द्यायची की वातीतून एक तंतू सुटायचा नाही. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा एकदा इंजिनातल्या तेलाच्या बारीक वाटा साफ करायला हाताशी काही नव्हतं, म्हणून वामनरावांनी देव्हाऱ्याजवळच्या मूठभर लांब वाती उचलल्या. तारेच्या आकड्यात वात अडकवायची, डिझेलमध्ये बुडवायची आणि भोकातून आरपार ओढायची. चिंधीचे दोरे सुटतात, ब्रशचे केस गळतात. दुर्गाबाईच्या वातीनं काम असं चोख झालं की वामनराव खूष. देव्हाऱ्यातल्या वाती इंजिनात घातल्या म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी तिनंच एक पत्र्याचा डबा वेगळा काढला आणि त्यात नवऱ्यासाठी जरा जाड वाती वळून ठेवायला सुरुवात केली.

अट एकच. काम झालं की वापरलेल्या वाती संध्याकाळी तिच्या हवाली करायच्या, एकूणएक, आणि त्या अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाळायच्या. "उष्टी वात पुन्हा लावाची नसते," ती म्हणायची. तिच्या लेखी देवाला आणि इंजिनाला कायदा एकच होता. वामनराव अंघोळीला घरात शिरू लागले की ती मधल्या दारात ताट घेऊन उभी असायची.

"सगळ्या आणल्या का?"

आणि एकेक तेलकट वात ताटात सरळ करून बघायची. वामनराव चिडायचे. "सोनं हाय का थे?" शेजारचा टायरवाला रोज संध्याकाळी विचारायचा, "वामनभाऊ, झडती देल्ली का?" आणि सगळे हसायचे. वामनरावही हसायचे. बाईला चुलीला पेटवण हवं असतं, दुसरं काय, असं ते जन्मभर धरून चालले होते.

ती गेल्यावर डब्यात थोड्या वाती उरल्या. नव्या वळणारं आता कुणी नव्हतं. मग वामनरावांनी काय केलं, तर डब्यातल्या कोऱ्या वातींना हात लावणंच बंद केलं, आणि आधी काढलेल्या चारदोनच पुन्हा पुन्हा पेट्रोलमध्ये धुऊन, अंगणातल्या दोरीवर वाळवून वापरू लागले. जाळणं तर त्यांना शक्यच नव्हतं. त्या वातींतला पीळ तिच्या हाताचा होता. दोरीवर त्या लोंबताना दिसल्या की त्यांना घरात कुणी आहेसं वाटायचं.

त्यांची एकुलती एक लेक, दीपमाला, अमरावतीला शाळेत शिकवायची. आई गेल्यापासून तिचं एकच पालुपद चाललं होतं, गॅरेज बंद करा आणि माझ्याकडे या. जीपची गोष्ट तिला खुशालकाकांकडून कळली आणि तिनं फोन लावला.

"बाबा, आता तुमचा हात पयल्यासारका नाई रायला. गॅस तसाच चालू ठेवून बाहेर गेलते ना तुमी? मले रात्री झोप नाई लागत."

"हाताले काई नाई झालं."

"मंग काटा काहून पडून रायला?"

वामनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "आयक दीपमाला. माह्या हाताची खोट निघाली, तं शटर ओढतो अन् तुह्या घरी येऊन बसतो. पण खुशालची निघाली, तं हा विषय पुन्हा काढायचा नाई. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

बोलून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसतं गॅरेज लावलं नाही पणाला. मागचं घर, ते मधलं दार, ती दोरी, सगळंच लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हत्यारांची पेटी आणि वातींचा डबा जीपमध्ये टाकला आणि अमरावतीचा रस्ता धरला. काटा अगदी वर होता. बोरगाव मंजू मागे पडलं तसा तो डगमगू लागला. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कापसाची पऱ्हाटी उभी होती, आणि वामनराव एक डोळा रस्त्यावर नि एक काट्यावर ठेवून हळूहळू चालले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत काटा तळाला टेकला. त्यांनी गाडी चहाच्या टपरीशी लावून बंद केली.

रोजच्यासारखं पाठ फिरवून बसता आलं असतं, पण खुशालच्या तोंडावर त्याची क्रँक आपटायची त्यांना घाई झाली होती. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले आणि त्यांनी चावी फिरवली. काटा सरळ वर गेला.

वामनराव तसेच बसून राहिले. मग उतरले, बॉनेट उघडून इंजिनाला हात लावला. चटका बसला. इंजिन तापलेलंच होतं. बेअरिंग ढिली असती तर गरम तेलावर काटा खालीच राहिला असता. अर्ध्या चहात पातळ तेल काही जाड होत नाही. ते पुढे निघाले. थोड्या अंतरावर काटा पुन्हा बसला. त्यांनी कडेला घेऊन गाडी बंद केली, जरा वेळानं चालू केली. काटा वर.

आता त्यांना समजलं. जन्म याच कामात गेलेला. समजायला वेळ लागला तो रागामुळे. चेंबरच्या तळाशी काहीतरी पडलं होतं. गाडी चालली की तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीला ते जाऊन चिकटत होतं आणि जाळीचं तोंड बंद होत होतं. गाडी बंद केली की सुटून खाली पडत होतं. क्रँकचा याच्याशी काही संबंध नव्हता. खुशालचं माप बरोबर होतं. जे काही आत राहिलं होतं, ते अकोल्याच्या गॅरेजात, वामनरावांच्या हातून राहिलं होतं.

रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. परत फिरावं, शटर अर्धं ओढून चेंबर खोलावं, जे असेल ते काढून टाकावं आणि सगळ्यांना सांगावं की खुशालची क्रँक दुरुस्त करून घेतली. कोण येणार होतं पाहायला? हे सगळं त्यांच्या मनात आलं, आणि बराच वेळ राहिलं. मग त्यांना फोनवरची ती शांतता आठवली. मशीन इकून टाक, असं म्हटल्यावर खुशाल जितका वेळ गप्प होता, तेवढी. त्यांनी गाडी अमरावतीच्याच दिशेनं काढली. काटा पडला की थांबत, वर आला की चालत ते खुशालरावांच्या दारात पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

खुशालरावांनी खाली पोतं अंथरून ठेवलं होतं. फोनवरच्या बोलण्याचा त्यांनी शब्दही काढला नाही. "आंधी पोहे खाऊन घे," एवढंच म्हणाले.

"नाई. क्रँकले हात नोको लावू. खालून चेंबर खोल."

खुशालरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पाना उचलला. काळं तेल घमेल्यात काढलं, चेंबर खाली उतरवलं, जाळीवर बॅटरीचा उजेड टाकला.

"हे काय गा?" ते म्हणाले. "कापूस?"

वामनरावांनी ते हातात घेतलं. डिझेलच्या डब्यात बुडवून चोळलं. काळं होतं ते करडं झालं, करड्याचं मळकट पांढरं झालं. बोटभर लांबीचा तुकडा होता. एका टोकाला पीळ अजून घट्ट होता. दुसरं टोक झिजून, पिंजारून, तुटलेलं होतं.

तो पीळ ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. वरून तेल खाली परतायची जी वाट असते, तिच्यात ओढताना वात तुटली होती. धुऊन धुऊन तिच्यात जीवच राहिला नव्हता. अर्धी आत राहिली, अर्धी तारेबरोबर बाहेर आली, आणि ती अर्धी त्यांनी न बघता धुऊन दोरीवर टाकली. आता त्यांना लख्ख आठवलं. दोरीवर एक वात बाकीच्यांपेक्षा आखूड होती. महिनाभर ती त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होती.

आणि त्याबरोबर दुसरंही आठवलं. फार मागचं, दीपमाला कडेवर होती तेव्हाचं. दुर्गाबाई मधल्या दारात ताट घेऊन उभी होती आणि एक वात चिमटीत धरून म्हणाली होती, "ही अर्धीच हाय. बाकीची कुठी?" ते तिच्यावर खेकसले होते, चार शब्द जास्तच बोलले होते. मग ती स्वयंपाकाला लागल्यावर गुपचूप गॅरेजात जाऊन, बॅटरी लावून, इंजिनातून उरलेली अर्धी काढून आले होते. तिला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ताट कधी चुकलं नाही. ती वाती मोजत नव्हती. ती प्रत्येक इंजिनावर राखण करत होती. वामनरावांचं इंजिन परत येत नाही, असं जिच्या जोरावर सगळं अकोलं म्हणत होतं, ती बाई जन्मभर दारात उभी राहून लोकांचं हसू झेलत राहिली.

वामनराव पोत्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. खुशालरावांनी पाना खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

"खुशाल, म्या तुले नाई नाई थे बोललो."

"दुर्गावैनी गेल्यापासून तू कोणाले नाई बोलला? त्यातच मले बी बोलला. जाऊ दे."

मग खुशालरावांनी खालून हात घालून बेअरिंग तपासल्या. इंजिन दणकट होतं, कुठे ओरखडा नव्हता. "जाळी धुतली का झालं," ते म्हणाले आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. "दीपमाला शाळा सुटली का इकडं येते म्हणे. आपण पंप खराब होता म्हणू. तुह्या हातचं बी नाई, माह्या हातचं बी नाई. तू आपलं गॅरेज चालव बाप्पा."

वामनरावांच्या डोळ्यांपुढे घरचं ते मधलं दार आलं. खोटं किती सोपं होतं.

त्यांनी वातींचा डबा उघडला. झिजलेल्या वातीचे तंतू आणखी कुठे अडकले असतील, तर सगळ्या वाटा पुन्हा साफ करायला हव्या होत्या. कोऱ्या वाती त्यांनी एकेक करून काढल्या. प्रत्येक वात एकदाच आत घातली, आरपार ओढली, टोकापासून टोकापर्यंत बघितली आणि डब्याच्या झाकणावर सरळ करून ठेवली. दुपारभर हेच चाललं होतं. डबा रिकामा झाला. सगळं पुन्हा जोडून त्यांनी जीप पार बडनेऱ्याच्या पुढे नेऊन आणली. काटा जिथे होता तिथे राहिला.

ते परत आले तेव्हा दीपमाला स्कूटीला टेकून उभी होती. "काय निघालं, बाबा?"

"अवं, पंप..." खुशालरावांनी सुरुवात केली.

वामनरावांनी मूठ उघडली. दीपमालानं तो तुकडा बघितला आणि एकदम ओळखला. "आईची वात हाय का?"

त्यांनी सगळं सांगितलं. दोरीवर वाळत घातलेल्या वाती सांगितल्या, आखूड वात सांगितली, आणि दीपमाला कडेवर असतानाची ती संध्याकाळही सांगितली. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

"म्हंजे तुमचा हात नाई गेला, बाबा. तुमच्यानं आईच्या वाती टाकवल्या नाई, इतलीच गोष्ट हाय. तुमी चालवा गॅरेज. मी नाई काढत आता विषय."

लेकीनं पणच सोडून दिला होता. वामनरावांना वाटलं, घ्यावं हे, मुकाट्यानं घ्यावं आणि अकोल्याला निघून जावं. पण त्यांनी मान हलवली.

"हात हाय वं माहा. पण म्या कधी एकट्यानं इंजिन बांधलंच नव्हतं. मले मालूमच नव्हतं थे. आता दारात इचारणारं कोणी नाई. उद्या कोणाच्या गाडीत काय राहून जाईन, अन् गाडीत लेकरंबाळं असतीन." त्यांनी मूठ मिटली. "शटर ओढतो मी."

दीपमालानं डोळे पुसले, आणि लहानपणापासून रोज संध्याकाळी ऐकलेलं तिच्या तोंडून आपसूक निघालं. तिनं हात पुढे केला.

"सगळ्या आणल्या का?"

वामनरावांनी वातींचं झाकण तिच्या हातात दिलं आणि वर तो तुकडा ठेवला. "एक अर्धी हाय," ते म्हणाले. "बाकीची अकोल्याले हाय. दोरीवर."

"मंग थे घेऊनच जाळू."

रविवारी दोघं अकोल्याला आली. वामनरावांनी दोरीवरच्या वाती उतरवून झाकणावरच्या वातींत ठेवल्या, आखूड वातीशेजारी तिचा तुटका तुकडा ठेवला आणि मागच्या अंगणातली चूल पेटवली. वाती तेलानं भिजलेल्या होत्या, भरभर जळाल्या. पुढे गॅरेजचं शटर ओढलेलं होतं आणि टायरवाल्यानं त्या दिवशी काही विचारलं नाही. पाणी तापल्यावर वामनराव, इंजिन बांधून झाल्यावर करायचे तसे, अंघोळीला बसले. हातांना काळं काहीच लागलेलं नव्हतं. तरी त्यांनी ते बराच वेळ चोळून चोळून धुतले.